पोकलेन-जेसीबीच्या इंजिन सेन्सरचे दोष शोधताना फ्लूक ८७-व्ही मल्टिमीटर: सविस्तर परीक्षण

डिस्प्लेवर पिवळा दिवा लागतो, कोड येतो, कोडपुढे ‘ऑइल प्रेशर सेन्सर’ असं लिहिलेलं असतं आणि साइटवरून पहिला फोन पार्टवाल्याला जातो. सेन्सर येतो, बसतो, कोड जागचा हलत नाही. मग दुसऱ्या कंपनीचा सेन्सर, मग वायरिंग, आणि सगळं थकल्यावर ईसीएमवर, म्हणजे इंजिनाच्या कंट्रोल कॉम्प्युटरवर, बोट. तोवर पोकलेन उभी, डंपर रांगेत आणि मशीनचं भाडं किंवा हप्ता चालूच. हा पैसा वाचवता येतो, आणि त्यासाठी लाखाचं सॉफ्टवेअर लागतंच असं नाही. एक चांगलं मल्टिमीटर आणि ते कुठे, कसं लावायचं याची समज लागते. म्हणून हे परीक्षण एका मीटरचं आहे: फ्लूक ८७-व्ही. इंजिनाच्या सेन्सरच्या कामात ते कुठे उपयोगी पडतं, कुठे अपुरं पडतं, एवढंच इथे पाहायचं आहे. फॅक्टरीतल्या पॅनलसाठी ते कसं आहे यावर भरपूर लिहिलं गेलं आहे, ते इथे नको.

आधी एक गोष्ट पक्की करू. कोडमध्ये नाव सेन्सरचं असलं तरी तक्रार पूर्ण सर्किटबद्दल असते. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याच्या दोन किंवा तीन वायरी, मधले कनेक्टर आणि ईसीएमची पिन. खडी, चिखल, हादरे आणि प्रेशर वॉशर यांत सगळ्यात आधी हार मानतात ते कनेक्टर आणि वायरी. सेन्सर बहुतेक वेळा शेवटी जातो. कोड वाचणारा स्कॅनर सर्किटपर्यंत आणून सोडतो, पुढचं काम मीटरचं. २०२१ च्या एप्रिलपासून चाकांवरच्या बांधकाम यंत्रांना धुराच्या चौथ्या टप्प्याचे नियम लागू झाले आणि बॅकहो-लोडरसारख्या रोजच्या मशीनवरही कॉमन रेल इंजिनं (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या पाइपमधून, म्हणजे रेलमधून, डिझेल देणारी) सर्रास आली. त्यामुळे ‘आपलं काम तर पान्याचं’ म्हणणाऱ्या मिस्त्रीलाही आता या कामातून सुटका नाही.

कोडमध्ये दोन नंबर असतात: एसपीएन म्हणजे तक्रार कशाबद्दल, एफएमआय म्हणजे दोष कोणत्या प्रकारचा. कोड वाचताना एसपीएनपेक्षा एफएमआय जास्त बोलतो, आणि नेमका तोच लोक वाचत नाहीत. एसपीएन १०० म्हणजे ऑइल प्रेशर, ११० म्हणजे कूलंटचं तापमान, १०२ म्हणजे बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब), १५७ म्हणजे रेल प्रेशर, १९० म्हणजे इंजिनाचे आरपीएम. एफएमआय ३ म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज हवा त्यापेक्षा वर, ४ म्हणजे खाली. हे दोन्ही विजेचे दोष, इथे मीटर काढायचं. पण एसपीएन १०० बरोबर एफएमआय १ आला तर अर्थ अगदी वेगळा: सर्किट ठणठणीत आहे आणि प्रेशर खरोखर घातक पातळीपर्यंत उतरलं आहे, असं ईसीएम सांगतो आहे. तिथे सेन्सर बदलून मशीन चालवली तर क्रँकच्या बेअरिंगची वाट लागते. इंजिन बंद, ऑइलची पातळी बघा, सेन्सरच्या जागी काट्याचा मेकॅनिकल गेज लावा, मग बोला. एफएमआय २ म्हणजे सिग्नल चंचल आहे, येतो-जातो. हा सगळ्यात छळणारा दोष आणि ८७-व्ही सगळ्यात कामाला येतं तेही इथेच. त्याकडे पुढे सविस्तर येऊ.

मीटरची कामापुरती ओळख अशी. डीसी व्होल्टला ६, ६०, ६०० आणि १००० अशा रेंज, त्यामुळे ५ व्होल्टचं सेन्सर सर्किट ६ व्होल्टच्या रेंजमध्ये एका मिलिव्होल्टपर्यंत वाचता येतं. इनपुट इम्पिडन्स १० मेगाओहम, म्हणजे मीटर लावल्यामुळे सेन्सरचा सिग्नल खाली ओढला जात नाही. सुईच्या मीटरची किंवा टेस्ट लॅम्पची सवय असलेल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं: ५ व्होल्टच्या सप्लायवर टेस्ट लॅम्प लावायचाच नाही. दिवा लागणार नाही, ईसीएमच्या आतला रेग्युलेटर मात्र दाबला जाईल. बाकी हर्ट्झ, ड्यूटी सायकल (पल्स किती टक्के वेळ चालू असतो ते), के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी वायर), मिन-मॅक्स आणि रिलेटिव्ह ही बटणं. आकडे साठवून ठेवण्याची सोय यात नाही आणि ब्लूटूथही नाही.

सुरुवात सोप्या सर्किटपासून करू. कूलंटचा सेन्सर दोन वायरींचा, आत एनटीसी: तापमान चढलं की रेझिस्टन्स उतरतो. बॉश घराण्याच्या नेहमीच्या एनटीसीचा आकडा २० अंशांना २.५ किलोओहम, ८० ला साधारण ३२० ओहम आणि १०० ला १८६ च्या आसपास. दुसऱ्या इंजिनाचा तक्ता वेगळा असू शकतो, त्याच्या मॅन्युअलमध्ये बघावं, पण उतरण्याची चाल हीच. चावी ऑन, इंजिन बंद ठेवून सेन्सरचा कनेक्टर सोडा. हार्नेसच्या (ईसीएमकडे जाणाऱ्या वायरिंगच्या) दोन पिनांमध्ये मीटरला ५ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत आणि स्कॅनरवर तापमान उणे ४० सारखं अशक्य दिसून एफएमआय ३ यायला हवा. आता त्याच दोन पिना बारीक जंपरने जोडा. आकडा दुसऱ्या टोकाला जाऊन एफएमआय ४ आला, तर ईसीएम आणि दोन्ही वायरी ठीक आहेत. राहिला सेन्सर, त्याचा ओहम मोजा. जंपर लावूनही एफएमआय ३ तसाच राहिला, तर सेन्सरला हात लावू नका, वायर तुटलेली आहे. पाच मिनिटांचं काम आहे. एवढं न करता नवा सेन्सर मागवू नये.

तीन वायरींच्या प्रेशर सेन्सरला पहिली वायर ५ व्होल्टची, दुसरी परतीची, तिसरी सिग्नलची. इंजिन बंद असताना सिग्नल साधारण ०.५ व्होल्ट, पूर्ण प्रेशरला ४.५. ऑइल आणि रेल, दोन्हीला बहुतेक इंजिनांवर हाच साचा असतो, रेलमध्ये फक्त वरचं टोक हजार-दोन हजार बारचं. ०.५ व्होल्ट खाली मुद्दाम सोडलेला असतो, म्हणजे वायर तुटली तर ईसीएमला ‘प्रेशर शून्य’ आणि ‘वायर तुटली’ यांतला फरक कळतो. इथेही कनेक्टर सोडून एफएमआय उलटतो का ते बघायचं, पण एक सावधगिरी हवी. काही ईसीएम सिग्नलची वायर आतून वर ओढून ठेवतात, काही खाली. पहिल्या प्रकारात कनेक्टर सोडल्यावर एफएमआय ३ येतो, दुसऱ्यात ४. आपलं इंजिन कुठल्या जातीचं आहे हे एकदा चांगल्या सेन्सरवर करून बघा आणि वहीत लिहून ठेवा, नाहीतर चांगल्या वायरीला दोषी ठरवाल.

५ व्होल्ट मोजताना बहुतेक जण काळा प्रोब बॉडीला लावतात. इथे चूक होते. काळा प्रोब त्याच कनेक्टरच्या परतीच्या पिनेवर हवा. बॉडीवर ५.००, परतीच्या पिनेवर ४.६ असं दिसलं तर परतीच्या वाटेत अडथळा आहे, आणि बॉडीशी मोजणाऱ्याला तो कधीच दिसणार नाही. हा अडथळा किती महत्त्वाचा? हिशोब करू. सेन्सर १० मिलिअँपिअर घेतो असं धरलं आणि पिनेवरच्या हिरव्या बुरशीने २० ओहम घातले, तर परतीच्या वायरीत ०.२ व्होल्ट पडतात. १० बारच्या ऑइल सेन्सरचं माप ४ व्होल्टांत मावतं, म्हणून ईसीएमला प्रेशर पाव ते अर्धा बार जास्त दिसतं. कोड येत नाही, दिवा लागत नाही, आणि आयडलला प्रेशर कमी पडत असेल तर ते झाकलं जातं. कूलंटच्या सर्किटमध्ये तेच २० ओहम १०० अंशांजवळ जवळपास ४ अंशांची चूक करतात, इंजिन थंड आहे असं भासवतात. थंड इंजिनावर मात्र सगळं बरोबर दिसतं, कारण तिथे अडीच हजार ओहमांत वीस ओहम कोण मोजणार! म्हणून तपासणी गरम इंजिनावर करावी.

एवढा बारीक ओहम मोजायला रिलेटिव्ह बटण उपयोगी पडतं. मीटरच्या स्वतःच्या लीडचा ओहम ०.१ ते ०.३ असतो. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून रिलेटिव्ह दाबलं की तो वजा होतो. चांगल्या वायरीचा, दोन्ही टोकं सोडून मोजलेला ओहम एकाच्या आत यायला हवा. पण लक्षात ठेवा, दहापैकी नऊ तारा तुटलेली वायरही ओहमच्या परीक्षेत पास होते, कारण मीटरचा करंट नगण्य असतो. ईसीएमच्या मुख्य सप्लायच्या आणि अर्थच्या जाड वायरींना ओहम लावूच नये. तिथे कनेक्टर सोडून २४ व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब लावायचा, तो जवळपास एक अँपिअर खेचतो, आणि बल्ब पेटलेला असताना वायरीच्या दोन टोकांमधला व्होल्टेज ड्रॉप मोजायचा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर फ्यूजचा होल्डर, आयसोलेटर (बॅटरीचा मुख्य स्विच) आणि चॅसिसवरचा अर्थिंगचा बोल्ट उघडून घासा. पुन्हा सांगतो, हा बल्ब फक्त २४ व्होल्टच्या वायरींसाठी.

आता तो दोष, ज्यात चांगले चांगले फसतात. ऑइल प्रेशर, बूस्ट आणि रेल प्रेशर या तिघांचे कोड एकदम येतात, वर एसपीएन ३५०९ दिसतो. तीन सेन्सर एकाच दुपारी मरत नाहीत. एसपीएन ३५०९ म्हणजे सेन्सरचा सामाईक सप्लाय, आणि तिघांना एकाच ५ व्होल्टवर पोसलेलं असतं. एकाच्या आत शॉर्ट झाला की तिघांचा सप्लाय बसतो. मीटरचा लाल प्रोब हात पोचेल अशा कुठल्याही सेन्सरच्या सप्लाय पिनेवर, काळा परतीच्या पिनेवर, चावी ऑन. स्क्रीनवर ०.८३ दिसतं. बूस्टचा कनेक्टर सोडा: ०.८३. ऑइलचा सोडा: ०.८३. रेलचा सोडला आणि आकडा एका झेपेत ५.०१ वर गेला, तर आरोपी सापडला. काही ईसीएम शॉर्ट दिसला की सप्लाय बंद करून ठेवतात आणि चावी फिरवल्याशिवाय परत देत नाहीत. म्हणून प्रत्येक कनेक्टर सोडल्यावर चावी बंद-चालू करून आकडा बघावा. सगळे सोडूनही व्होल्टेज वर आला नाही, तर शॉर्ट हार्नेसमध्ये आहे. मग वायरी जिथे इंजिन माउंटजवळून वाकतात, जिथे पत्र्याच्या क्लिपखाली दाबल्या आहेत, जिथे टर्बोच्या उष्णतेने कॉरुगेटेड पाइप कडक झाला आहे आणि जिथे हायड्रॉलिक होसवर घासतात, तिथे आधी बघा. दोन-तीन महिने उभ्या राहिलेल्या मशीनवर उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही याच रांगेत.

चंचल दोषाकडे येऊ, कारण या मीटरची खरी किंमत इथे वसूल होते. मशीन खोदताना कोड येतो, बाजूला घेऊन बघितलं तर काही नाही. स्कॅनरच्या आकड्यांत तो क्षण सापडत नाही, कारण तो अर्ध्या सेकंदाहून लहान असतो. ८७-व्हीचं मिन-मॅक्स इथे कामाला लागतं. चावी ऑन, इंजिन बंद, मागून टेकवलेला प्रोब ईसीएमकडच्या टोकाला ऑइल प्रेशरच्या सिग्नल पिनेवर, आकडा ०.५० स्थिर. आता मिन-मॅक्स दाबा आणि मीटर बाजूला ठेवून दोन्ही हातांनी हार्नेस पकडा. सेन्सरपासून सुरुवात करून एका वेळी वीतभर वायर हलवत, वाकवत, हलकी ओढत ईसीएमपर्यंत जा. नवा कमाल किंवा किमान आकडा नोंदला गेला की मीटर बीप देतं, त्यामुळे डोळे वायरीवरच ठेवता येतात. ज्या वीतभर भागात बीप वाजली तिथे थांबा. मॅक्समध्ये ४.९ नोंदलं असेल तर वायर क्षणभर तुटली होती, मिनमध्ये शून्याजवळचा आकडा असेल तर बॉडीला टेकली होती. वर ओढणाऱ्या ईसीएमचा हा हिशोब, खाली ओढणाऱ्याच्या बाबतीत तुटलेली वायरही शून्याकडेच जाईल. साध्या मिन-मॅक्सला १०० मिलिसेकंदांचा धक्का कळतो, पीक चालू केलं तर २५० मायक्रोसेकंदांचा. सुरुवात साध्यापासून करावी, पीकवर अल्टरनेटर आणि रिलेचा गोंगाटही पकडला जातो.

एक गोम आहे. मिन-मॅक्समध्ये गेलं की ऑटोरेंज बंद होते. मीटर ६ व्होल्टवर अडकलेलं असताना २४ व्होल्टच्या वायरीचा मिन-मॅक्स घ्यायला गेलात तर फक्त ओव्हरलोड मिळेल. आधी रेंज हाताने लावा, मग बटण दाबा.

वीज बंद असलेल्या सर्किटमध्ये हेच काम कंटिन्युइटीच्या बीपरने करता येतं. स्वस्त मीटरचा बीपर आळशी असतो, क्षणभराची तूट त्याच्या ध्यानात येत नाही. ८७-व्हीचा बीपर एका मिलिसेकंदाची तूट किंवा शॉर्ट पकडतो. बॅटरी आयसोलेटर बंद, वायरीची दोन्ही टोकं मोकळी, आवाज सलग चालू, आणि वायर हलवताना आवाजात किंचित जरी चिरका खंड पडला तरी तीच जागा. डेमो घेताना दुकानात हे करून बघा: दोन वायरी कात्रीसारख्या एकमेकींवर घासा आणि दोन मीटरांचे आवाज ऐका. फरक कान सांगतील. हॅमर चालू असलेल्या साइटवर मात्र ही बीप ऐकू येत नाही, हे मान्य करायला हवं.

प्रोब कुठे घुसवायचा यावर दोन शब्द, कारण तपासणी करणाऱ्यांनीच केलेले दोष आम्ही मोजू शकणार नाही इतके आहेत. मीटरबरोबरच्या प्रोबचं टोक जाड असतं. ते डॉइश कंपनीच्या कनेक्टरच्या सॉकेटमध्ये दाबलं की सॉकेटचं तोंड फाकतं, पिनेवरची पकड जाते आणि उद्या तिथेच एफएमआय २ येतो. त्याच मापाची सुटी नर-पिन वायरीला क्रिंप करून तिचा प्रोब करावा, किंवा मागच्या सीलमधून बारीक बॅकप्रोब सरकवावा. या पिना बॉक्समध्ये येत नाहीत, वेगळ्या घ्याव्या लागतात आणि त्यांशिवाय हे मीटर अर्धं आहे. वायरीचं इन्सुलेशन टोचायचं नाही. कोकणातल्या पावसात त्या छिद्रातून पाणी आत जातं आणि तांबं सहा महिन्यांत हिरवं होऊन पुडी होते. सुटी नर-पिन आणखी एका कामाची: ती सॉकेटमध्ये घालून ओढून बघा. हलकी पकड लागायला हवी. पिन सैलपणे गळून पडली तर दोष हातात आला. कनेक्टर परत लावताना वेज-लॉक (पिना जागेवर धरणारी पाचर) बसला का आणि रिकाम्या खाचांमध्ये प्लास्टिकच्या बुचा आहेत का हे पाहा. बूच नसलेल्या एका खाचेतून प्रेशर वॉशरचं पाणी पूर्ण कनेक्टर भिजवतं.

आरपीएमच्या सेन्सरला मीटर अर्धीच मदत करतं. दोन वायरींचा चुंबकी सेन्सर असेल तर आधी ओहम: बॉशच्या पुष्कळशा क्रँक सेन्सरचा साधारण ८६० असतो. मग एसी व्होल्टवर ठेवून स्टार्टर मारा आणि हर्ट्झ बघा. ६० वजा २ दातांचं चाक १५० आरपीएमला फिरत असेल तर सेकंदाला १४५ दात जातात, म्हणून मीटरवर १४५ हर्ट्झच्या आसपास आकडा यायला हवा. काहीच आलं नाही तर सेन्सरचं टोक बाहेर काढून बघा, लोखंडी कीस चिकटून गोळा झालेला असतो. तीन वायरींचा हॉल सेन्सर असेल तर ओहम मोजून काही कळत नाही, सप्लाय, परत आणि बदलणारा सिग्नल एवढंच तपासा. क्रँक आणि कॅमचा मेळ बसतो का, एखादा दात वाकडा आहे का, हे मात्र मीटरला दिसत नाही. तिथे ऑसिलोस्कोप हवा. ‘स्टार्टर फिरतो, इंजिन लागत नाही, कॅमचा कोड येतो’ असल्या केसेस ज्यांच्याकडे रोज येतात, त्यांनी दोन चॅनलचा स्कोप आधी घ्यावा आणि हे मीटर नंतर.

थर्मोकपल बरोबरच मिळतो आणि तो दुर्लक्षिला जातो. एसपीएन ११०, एफएमआय ० आला, म्हणजे इंजिन तापलं. खरंच तापलं का? थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर, सेन्सरच्या शेजारी टोक घट्ट टेकवा आणि स्कॅनरच्या आकड्याशी जुळवा. पृष्ठभाग आतल्या पाण्यापेक्षा काही अंश थंड दाखवणारच. फरक दोन-पाच अंशांचा असेल तर सेन्सर खरं बोलतो आहे आणि रेडिएटरची जाळी, फॅनचा पट्टा, थर्मोस्टॅट यांच्याकडे वळायचं. वीस-तीस अंशांचा असेल तर सर्किटकडे. रेडिएटरची कॅप उघडून बोटाने बघण्याची सवय असेल तर ती आजच सोडा.

मीटरला मदत करणारी एक परीक्षा फुकट आहे. रात्रभर उभ्या मशीनची सकाळी चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका, आणि स्कॅनरवर कूलंट, इंटेक हवा, डिझेल, ऑइल या सगळ्यांचं तापमान वाचा. सगळे आकडे एकमेकांच्या दोन-चार अंशांत हवेत. एकटा वेगळा दिसला तर आधी त्याचं सर्किट. बूस्ट आणि बॅरोमीटरच्या सेन्सरचंही तसंच: इंजिन बंद असताना दोघांना एकच हवा लागते. मुंबईत साधारण १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरच्या उंचीवर ८६. घाट चढून आलेल्या मशीनवर हा आकडा कमी दिसला म्हणून सेन्सर बदलण्याची गरज नाही.

बॅटरी तपासल्याशिवाय यातलं काहीच करू नये, हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. ६० व्होल्टच्या रेंजवर मिन-मॅक्स लावून स्टार्टर मारा. २४ व्होल्टच्या मशीनवर किमान आकडा १८ च्या खाली जात असेल तर आधी बॅटरी आणि तिची टर्मिनलं. चार्जिंग २७.५ ते २८.५ दरम्यान हवं. ईसीएमचा सप्लाय बसला की तो दिसेल त्या सेन्सरच्या नावाने कोड टाकतो.

कॅन लाइन म्हणजे ईसीएमशी बोलण्याची दोन वायरींची डेटा लाइन. तिच्या दोषात स्कॅनर जोडलाच जात नाही, तेव्हा मीटरच एकमेव आधार. बॅटरीचं कनेक्शन काढून नऊ पिनांच्या डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये कॅन-हाय आणि कॅन-लो यांच्यात ओहम मोजा. ६० आला तर दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रेझिस्टर जागेवर आहेत. १२० आला तर एक गायब, ४० आला तर कुणीतरी तिसरा घातला आहे. चावी ऑन केल्यावर हाय २.६-२.८, लो २.२-२.४, दोघांची बेरीज पाचाच्या आसपास. आणि इथे जपून: जे१९३९ (अवजड मशीनच्या कॅनचं मानक) च्या प्रमाणित सॉकेटमध्ये ए पिन अर्थ, बी पिन बॅटरी, सी आणि डी पिना कॅनच्या. कॅटरपिलरच्या मशीनवर ए पिन बॅटरी आणि बी पिन अर्थ असते, कॅन एफ आणि जी पिनांवर आणि डी-ई वर कंपनीची स्वतःची डेटा लिंक. सॉकेट नऊ पिनांचं दिसलं म्हणून कुठलाही ॲडॉप्टर खुपसू नका, आधी मीटरने ए आणि बी बघा. दहा सेकंद लागतात, ॲडॉप्टर वाचतो.

ड्यूटी सायकलचा उपयोग क्वचित होतो, पण जुन्या कॅटरपिलर इंजिनांच्या थ्रॉटल सेन्सरला तोच लागतो, कारण तो व्होल्टेजऐवजी पल्सची रुंदी बदलतो. इंजेक्टरच्या वायरींवर मात्र हे मीटर घेऊन जाऊ नका. उघडताना तिथे मशीनच्या बॅटरीच्या कितीतरी पट व्होल्टेज जातो. तसंच कॉमन रेलचा पाइप चालू इंजिनावर सैल करायचा नाही, ती डिझेलची धार कातडीतून आत शिरते. मशीनजवळ हात घालण्यापूर्वी बकेट जमिनीवर आणि सेफ्टी लिव्हर लॉकवर.

खटकणाऱ्या गोष्टी. साध्या मीटरच्या कितीतरी पट किंमत, आणि तिच्यात धुळीपाण्यापासून संरक्षणाचा आयपी दर्जा मिळत नाही. क्रशरच्या बारीक धुळीत नॉबभोवती भुकटी बसते. ते पेटीत ठेवावं, बोनेटवर पावसात सोडू नये. करंट मोजताना लीड चुकीच्या जॅकमध्ये राहिला तर मीटर ओरडून सांगतं हे चांगलं, पण तरीही फ्यूज उडालाच तर ४४० मिलिअँपिअरचा आणि ११ अँपिअरचा १००० व्होल्टचाच मूळ फ्यूज घाला. तो महाग पडतो, म्हणून कुणी काचेचा घालतं किंवा तार गुंडाळतं. तसं मीटर सेकंड-हँड मिळत असेल तर मागचं झाकण उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका. ९ व्होल्टची बॅटरी सुमारे ४०० तास जाते, त्याबद्दल तक्रार नाही.

एक-दोन मशीन असलेल्या मालकाला एवढं मीटर नको. साधं, १० मेगाओहमचं, मिन-मॅक्स असलेलं मीटर आणि बॅकप्रोबच्या पिना घेऊन वरची निम्म्याहून जास्त तपासणी होते. बाहेरची कामं घेणाऱ्या ऑटो-इलेक्ट्रिशियनने आणि दहा-पंधरा मशीनच्या ताफ्याच्या वर्कशॉपने ८७-व्ही जरूर घ्यावं. काम कायम उघड्यावर, चिखलात असेल तर त्याच कंपनीचं २८-टू किंवा ८७-व्ही मॅक्स बघावं, दोन्हींना आयपी ६७ आहे. कुठलंही घ्या, त्याच दिवशी बॅकप्रोबचा संच, मगरी क्लिपा, २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट आणि डॉइशच्या सुट्या पिनांची पाकिटं पेटीत टाका.